कड्या नग बारा

ता. ४, मंगळवार

भंगारवाल्याकडे आज घबाड सापडलं. पंख्यांच्या पात्यांखाली एक हिरवी लाकडी पेटी दबून पडली होती. त्याला वाटत होतं नळाचं सामान असेल. मी झाकण जरासं उचललं आणि लगेच टाकलं, तोंडावरची माशीही हलू दिली नाही. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. समोरच्याच्या तोंडात काहीही दिसलं तरी आपला चेहरा कोरा ठेवायचा, एवढं तिथे शिकलो.

आत डोंगर चढणाऱ्या पलटणीचं जुनं सामान. लाकडी दांड्याची एक आइस अॅक्स, खडकाच्या भेगांत ठोकायचे नऊ खिळे, बुटांखाली बांधायच्या काट्यांची एक जोडी आणि दोर ओवायच्या पोलादी कड्या, मोजून बारा. आमची खार त्यांना कॅराबिनर म्हणते. खार म्हणजे माझी लेक. लहानपणी कपाटावर चढून बसायची म्हणून हे नाव पडलं. आता सत्तावीस वर्षांची आहे, सुळक्यांवर चढते आणि गिर्यारोहण क्लबात इतरांना चढायला शिकवते.

पेटीत रंगाचा एक छोटा डबाही होता. आतला लाल रंग वाळून दगड झालेला, ब्रश त्यातच रुतून बसलेला. चार कड्यांना बिजागरीपाशी त्याच लाल रंगाचा पट्टा मारला होता. आपला माल ओळखू यावा म्हणून कुणा रिकामटेकड्याने केलं असणार. इतक्या देखण्या पोलादाला रंग फासणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत.

ही म्हणाली, "अजून लोखंड? मग आपण दोघांनी कुठे राहायचं ते तरी सांगा."

मी म्हटलं, बाल्कनीत.

ता. ५, बुधवार

ही वाचनालयात कामाला आहे, त्याचा आज उपयोग झाला. लष्करी साहित्याची एक जुनी सचित्र यादी तिने शोधून आणली. माझं डोळ्याला लावायचं भिंग आणि दातांतली घाण काढायची बारीक आकडी घेऊन सकाळपासून बसलो. गंजाखाली आधी दोन अक्षरं निघाली, मग साल. आधी ४८ वाटलं. आकडीने खरवडल्यावर ४३ निघालं, आणि यादीतल्या चित्राशी कडीच्या उघडमीट फाटकाची खीळ तंतोतंत जुळली. प्रत्येक कडीच्या पाठीवर मुंगीएवढा अनुक्रमांकही आहे, एक ते बारा. अख्खा संच! असा संच फुटलेला नसणं म्हणजे सत्तरीतल्या माणसाचे बत्तीस दात शाबूत असणं.

यादीच्या शेवटी भांडाराच्या नियमांची पन्नासेक पानं आहेत. ती कोण वाचतो?

ता. ७, शुक्रवार

कड्या कॉस्टिक सोड्यात टाकल्या. रंग, ग्रीस, मळ, सगळं सुटलं. मग गंजासाठी अॅसिड. कवळीचा धातूचा सांगाडा मी पंधरा मिनिटं ठेवायचो. इथे गंज फार जुना, म्हणून काल संध्याकाळी टाकल्या त्या आज सकाळी काढल्या. कड्यांवरून बारीक बुडबुडे सारखे वर येत होते, बघत बसावंसं वाटत होतं. नंतर पॉलिशच्या चाकावर धरल्या. आता बाराही जणी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. ट्रेमध्ये टॉवेल अंथरून मांडून ठेवल्या आहेत.

ही बघायला आली, टॉवेल आपला चांगला आहे हे ओळखलं आणि तरी तो परत मागितला नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात हे कौतुकच समजायचं.

ता. ८, शनिवार

खार आली होती. ट्रे बघून नाचायचीच बाकी राहिली. तिच्या क्लबाला ह्या महिन्यात पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त तीस तारखेला, रविवारी, खाणीमागच्या सुळक्यावर ती जुन्या पद्धतीने चढणार आहे. जुने बूट, जुना पोशाख. तिला आता कड्याही जुन्याच हव्यात.

"दोर मात्र नवा घेणार," ती म्हणाली. "दोर कुजतो. पोलादाला काय होतंय? आणि तुम्ही बघितल्यात म्हणजे झालं, बाबा. तुमच्या हातून खराब वस्तू कधी बाहेर गेली आहे का?"

"नाही ना," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. "कपाटाचं दार उलटं बसवलं तेव्हा म्हणाले होते, हल्ली असंच असतं."

दोघी हसल्या. ते दार अजून तसंच आहे आणि छान उघडतं.

ता. ११, मंगळवार

आज सकाळी ट्रेमधल्या काही कड्यांना पुन्हा लाल पट्टा दिसला. बिजागरीपाशी, तसाच. ओला होता, बोटाला लागला. हिला विचारलं तर तिने कानांवर हात ठेवले. मी थिनरने पुसून टाकला. पॉलिश थोडं मंदावलं आहे, पुन्हा चाकावर धरावं लागेल.

डावं मनगट दुखतं आहे. उशीखाली हात अडकला असावा. झोप मात्र छान लागते, मेल्यासारखा पडतो.

ता. १२, बुधवार

पुन्हा तेच. चार होत्या. पुसल्या.

ता. १४, शुक्रवार

आज सलग चौथी सकाळ. मी हिला सरळ म्हटलं, "गंमत एकदा होते, चारदा नाही."

ती म्हणाली, "मला वेड लागलंय का? मला त्या रंगाच्या वासाने मळमळतं. आणि आधी स्वतःची नखं बघा."

नखांत लाल होतंच. रोज सकाळी थिनरने पुसतो, मग नखांत जाणार नाही तर काय. फक्त ते डाव्या हाताच्या नखांत जास्त होतं, आणि पुसतो मी उजव्याने. कडी डाव्या हातात धरतो, त्यामुळे असेल.

ता. १५, शनिवार

आज पेटीतला तो डबा उघडून बघितला. दगड झालेला रंग मऊ होता. ब्रश फिरवला तर फिरला. म्हणजे कुणीतरी त्यात टर्पेंटाइन ओतलं आहे, आणि घरात माणसं दोनच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? डबा ब्रशसकट कचऱ्याच्या गाडीत माझ्या हाताने टाकला. गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभा राहिलो.

ता. १६, रविवार

आज पट्टे नाहीत. म्हटलं होतं ना!

ता. १८, मंगळवार

हे कसं लिहावं कळत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

खारीला क्लबाच्या प्रदर्शनात लावायला पाटी हवी आहे, सामान कुणाचं होतं वगैरे. पेटीच्या झाकणावर आतून एक पत्ता लिहिलेला होता आणि त्याखाली 'भांडारप्रमुख'. तिथे गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. भांडारप्रमुखांची बायको. ते मागच्या वर्षी गेले, आणि पुतण्याने घर आवरताना त्यांना न विचारता पेटी भंगारात दिली.

मला बसायला खुर्ची दिली आणि लगेच म्हणाल्या, "ती नको, ह्या बाजूची घ्या. तिला लाल आहे."

खुर्चीच्या एका पायाला लाल पट्टा होता. बाल्कनीच्या दारालाही होता, शिडीच्या तिसऱ्या पायरीला होता, एका कपाच्या कानाला होता.

"लाल म्हणजे बाद," आजी म्हणाल्या. "भांडारात तोच नियम. वस्तूत खोट दिसली की लाल लावायचा, ती परत कुणाच्या हातात जाता कामा नये. निवृत्त झाल्यावर घरात सुरू केलं. डावखुरा माणूस, सगळे पट्टे एकाच बाजूला कललेले, बघा. मी चिडायचे सुरुवातीला. मग कारण कळलं."

कारण असं. नोकरीत असताना एकदा साहेब येऊन म्हणाले, उद्या तुकडी डोंगरावर जायची आहे, कड्या कमी पडतात, त्या चार बाद केलेल्यांचं काय ते बघ. भांडारप्रमुखांनी त्या चार कड्यांवरचा लाल टर्पेंटाइनने पुसला आणि दिल्या. कड्या परत आल्या. एक पोरगा आला नाही. चौकशीत ठरलं की पोराने गाठ चुकीची मारली होती.

"हे तिथे उभे होते," आजी म्हणाल्या. "एक शब्द बोलले नाहीत. त्या पोराची आई आली होती, तिच्यासमोरही नाही. मला सांगितलं ते चाळीस वर्षांनी. त्या चार कड्यांना परत लाल लावून पेटी घरी आणली, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. आणि बघा, लागलीच. तुम्ही काही वापरणार नाही ना त्या?"

मी म्हटलं, नाही नाही, नुसतं प्रदर्शन आहे.

चार जिने उतरलो, पायात गोळे आले.

ता. १९, बुधवार

चार कड्या बाद आहेत. बारांपैकी कुठल्या चार, ते मला माहीत नाही. लाल मी पुसला, एकदा नाही, पाच वेळा पुसला, आणि पाठीवरचा क्रमांक एकदाही बघितला नाही. आता भिंगाखाली बाराही सारख्याच दिसतात. चीर पोटात असेल तर भिंगाला काय दिसणार?

हिला विचारावं, तुला आकडे आठवतात का. पण विचारलं की सगळंच सांगावं लागेल. ती खारीला सांगणार. खार म्हणणार, बाबा, तुम्ही खुणा पुसल्यात? जिने आजवर जगाला सांगितलं की माझ्या बाबांच्या हातून खराब वस्तू जात नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

सकाळी उठल्याबरोबर ट्रे बघितला. काही नाही. पुसत होतो तेव्हा लाल रोज यायचा, आता हवा आहे तर येत नाही.

ता. २०, गुरुवार

काही नाही.

ता. २१, शुक्रवार

आज भंगारवाल्याच्या आवारात परीक्षा घेतली. त्याच्या साखळीच्या कप्पीला एकेक कडी अडकवून खाली वाळूची दोन पोती टांगली आणि वर त्याची ऐरण. प्रत्येकीला दहा मिनिटं. बाराच्या बारा टिकल्या. भंगारवाला म्हणाला, "हत्ती टांगा आता." मला फार हलकं वाटलं.

घरी येताना लक्षात आलं की बाद असलेल्या चारही टिकल्या, म्हणजे ह्या परीक्षेतून काहीच कळलं नाही. पण तो विचार मी रस्त्यातच सोडून दिला. जुन्या काळचे लोक उगाच घाबरट, असंही असू शकतं.

ता. २३, रविवार

खारीचा फोन. आमंत्रणपत्रिकेत माझं नाव छापलं आहे म्हणे, 'साहित्याची ओळख आणि जीर्णोद्धार'. तिच्या क्लबातल्या सरांनी सुचवलं. मी सांगणारच होतो. खरंच, तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "हॅलो? आवाज येत नाहीये, बाबा." मी म्हटलं, छान आहे.

ता. २४

कड्या, नग १२. पैकी बाद नग ४. क्रमांक ३, ५, ८, ११. लाल लावणेस रंग शिल्लक नाही, सबब येथे नोंद केली असे.

ता. २४, सोमवार

वरच्या ओळी माझ्या नाहीत. सकाळी वही उघडली तेव्हा लिहिलेल्याच होत्या. अक्षर डावीकडे कललेलं, पेन माझंच.

हिला वही दाखवली. आधी म्हणाली, "तुमच्या वहीला कोण हात लावतंय? त्यात दाढांशिवाय असतं काय?" मग म्हणाली, "पण उजाडता उजाडता तुम्हीच टेबलाशी बसला होतात की. हाक मारली तर ओ दिली नाहीत. म्हटलं, लिहू देत."

मी उठलोच नव्हतो. हिला स्वप्नं फार पडतात.

उघड आहे. रोज सकाळी पट्टे आले तेव्हा हिनेच आकडे टिपून ठेवले असणार. रंगाचा डबा मी फेकला त्याचा राग काढते आहे, वर पुन्हा अशी भाषा! वाचनालयातल्या जुन्या रजिस्टरांतून उचललेली दिसते. माझं काय जातंय? मला आकडे मिळाले. तीन, पाच, आठ, अकरा बाजूला. आठ चांगल्या. कुणाला काही सांगायचं कारण उरलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कित्येक दिवसांनी चहाला चव लागली.

ता. २६, बुधवार

खारीला सांगितलं, चार कड्या मी पेटीबरोबर शोभेला ठेवतो, आठ तू घे. तिला आठ पुरतात. "संच फोडायचा नाही असं तुम्हीच म्हणत होता ना?" एवढंच म्हणाली. तिचं लक्ष बारीक आहे, माझ्यावरच गेली आहे.

ता. २८, शुक्रवार

डावं मनगट सुजलं आहे. पेला धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, फार लिखाण करता का? मी म्हटलं, करतो, पण उजव्या हाताने.

ता. २९

कड्या, नग १२. फेरतपासणी केली. सर्व नग १२ बाद. कारण, साफसफाई. कोणासही देऊ नयेत. मुलीस देऊ नयेत. त्या वेळी मी बोललो नाही.

ता. २९, शनिवार

आता मात्र हद्द झाली. आधी चार, आता बाराच्या बारा! आणि कारण काय, तर साफसफाई! माझ्या कामाला नावं ठेवायची तर तोंडावर ठेवावीत. मी हिच्यासमोर वही आपटली. ती वाचत गेली आणि खुर्चीवर बसली.

"हे मी लिहिलं नाही," ती म्हणाली. "खारीची शपथ. कसल्या कड्या बाद? हे कोण बोललं नाही? अहो, तुम्ही माझ्यापासून काय लपवताय?"

हिने आजवर कधी शपथ घेतली नव्हती. मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय, उद्या बोलू. उद्या सकाळी सातला खार सामान न्यायला येणार आहे.

आजींकडचं सगळं मी वहीत लिहिलं आहे. हिने ते वाचलं असेल आणि मला टोचायला शेवटचं वाक्य तिथून घेतलं असेल. शपथेचं मात्र काय करायचं ते समजत नाही. आठ कड्या चांगल्या आहेत. चांगल्याच आहेत.

ता. ३०, रविवार, संध्याकाळ



खार सातला आली. जुन्या पद्धतीचा लोकरी शर्ट, त्यावर चामडी पट्टा. ह्या वेशात ती माझ्या आईसारखी दिसते हे आज पहिल्यांदा कळलं. मी आठ कड्या पिशवीत घालून दिल्या. तिने एकेक फाटक उघडून मिटून बघितलं. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "सगळ्या नीट बघितल्यात ना, बाबा?"

मी म्हटलं, "बघितल्यात."

ही दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. खार जिना उतरायला लागली. दोन मजले उतरली असेल. इथपर्यंत मला स्वच्छ आठवतं.

मग मला आठवतो तो जिन्याचा कठडा, हाताला थंड लागलेला, आणि खालून वर बघणारा खारीचा चेहरा. मधलं काही नाही. ही सांगते की मी तिला बाजूला सारून जिन्यात गेलो, कठड्यावरून वाकलो आणि ओरडलो, "सामान परत करा! लाल मी पुसला! सगळा माल बाद आहे!" शेजारचे दार उघडून बाहेर आले. ही म्हणते, तो आवाज तुमचा नव्हता. आणि मी खारीला 'परत करा' असं अहोजाहो का करीन?

खार वर आली. पिशवी टेबलावर ठेवली.

"कसला लाल?"

आता गप्प बसायला जागाच नव्हती. पट्टे, थिनर, आजी, चार बाद कड्या, वहीतले आकडे, सगळं सांगितलं. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. मी थांबल्यावर म्हणाली, "बारा दिवस. बारा दिवस तुम्हाला माहीत होतं."

मग तिने सरांना फोन केला, रोजच्या वापरातलं नवीन सामान मागवलं आणि गेली. जुना शर्ट तसाच अंगात होता. मी सुळक्याकडे गेलो नाही. दुपारी हिला तिचा फोन आला, नीट उतरले म्हणून. माझ्याशी बोलायला मागितलं नाही.

ही म्हणते, तुम्ही झोपा. मला झोपायची भीती वाटते आहे, हे खरं लिहितो.

ता. २, मंगळवार

काल काही लिहिलं नाही. वहीतही काही आलेलं नव्हतं.

आज खार अचानक आली आणि म्हणाली, "चला. खरं काय ते बघूच." तंत्रविद्यालयातले मास्तर माझे जुने मित्र. त्यांच्याकडे धातू ताणून तोडायचं यंत्र आहे, किती जोराला तुटला त्याचा आकडा दाखवतं. बारा कड्या घेऊन आम्ही दोघं गेलो. वाटेत ती बोलली नाही. बसमध्ये मात्र माझ्या दुखऱ्या हाताकडे बघून खिडकीची जागा मला दिली.

मास्तरांनी आधी तीन नंबरची लावली. निम्म्या जोराला बिजागरीपाशी फाटली. आतली चीर जुनी, काळी पडलेली. "बाद माल," मास्तर म्हणाले. "ज्याने बाद केला त्याची नजर चांगली होती."

मी म्हटलं, "आता चांगली लावा." एक नंबर दिली.

तीही तीन नंबरएवढ्याच जोराला तुटली. वाकली नाही, ताणली गेली नाही, कडक बिस्किटासारखी टक् करून दोन तुकडे झाले. मास्तरांनी दोन लावली. तीच गत. चार, सहा, सात. मास्तरांनी यंत्र थांबवलं आणि तुकडा भिंगाखाली धरला.

"अॅसिडमध्ये ठेवल्या होत्यास?"

"हो. गंजासाठी."

"किती वेळ?"

"रात्रभर."

त्यांनी तुकडा खाली ठेवला. "अरे, हे कवळीचं काम आहे का? कडक पोलाद इतका वेळ अॅसिडमध्ये राहिलं की आतून ठिसूळ होतं. वरून दिसत नाही. बुडबुडे येतात ना, त्यातला वायू पोलादात शिरतो. टांगलेलं वजन एखाद वेळ झेलेल. माणूस पडला आणि हिसका बसला की गेली. ह्या आठ मूळच्या उत्तम होत्या. त्या तू मारल्यास."

ह्याच आठ मी पिशवीत घालून दिल्या होत्या. चांगल्या म्हणून, निवडून.

खारीने एक नंबरचे दोन्ही तुकडे उचलले, जुळवून बघितले, परत वेगळे केले. ते टेबलावर ठेवले आणि मास्तरांसमोर, सगळ्या यंत्रांच्या मधे, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. असं तिने शाळेत असल्यापासून केलं नव्हतं.

"तुम्ही बोललात म्हणून, बाबा," ती म्हणाली. "मी दोन दिवस तुमच्यावर चिडले होते. पण तुम्ही बोललात. सगळ्यांसमोर, जिन्यात, स्वतःहून. तुम्ही! मी क्लबात सगळ्यांना सांगणार आहे, चूक कबूल करायला हिंमत लागते, ती माझ्या बाबांच्यात आहे."

मास्तर यंत्र पुसायला लागले. मी कड्यांचे तुकडे पिशवीत भरायला लागलो.

परत येताना बसमध्ये ती पुष्कळ बोलली, सुळक्याबद्दल, वाऱ्याबद्दल, सरांच्या भाषणाबद्दल. मधेच म्हणाली, "पण त्या दिवशी तुमच्या आवाजाला काय झालं होतं हो? मी घाबरलेच. कुणी परका माणूस ओरडतोय असं वाटलं."

दोन आसनांच्या अंतरावर कुणीही ओळखीचं नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता. सांगायची वेळ हीच होती, की मी तर घरात गप्पच उभा होतो, तुला जाऊ देणार होतो.

मी म्हटलं, "घसा बसला होता."

"मग गार पाणी पिऊ नका," ती म्हणाली आणि आमचा थांबा आला म्हणून उठली.